पाथरकरांच्या गाडीचा गंज

विषय : श्री. सुधाकर पाथरकर, सेवानिवृत्त पर्यवेक्षक, रंग विभाग, यांच्या मालकीच्या जुन्या चारचाकी वाहनास लागलेला गंज व सदर वाहनाच्या नोंदणीचे नूतनीकरण.

संदर्भ : सोसायटीचे पत्र.

उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, पत्र गंभीर होतं. पाथरकरांची गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन वर्षं जागची हलली नव्हती आणि तिच्या नोंदणीची मुदत संपत आली होती. मुदतीच्या आत गाडी तपासणीत पास करून कागद दाखवा, नाहीतर भंगारात द्या, असं सोसायटीनं कळवलं होतं. खाली सही आणि गोल शिक्का. शिक्का असला की मी मजकुरावर विश्वास ठेवतो.

आम्ही चौघं एकाच मोटार कंपनीतून निवृत्त झालेले. आधी पिंपरीला, मग कंपनी चाकणला गेली तेव्हा तिच्यामागून बसनं चाकणला. पाथरकर रंगात, सावंत क्वालिटीत, पिंपळे गुरवचे बबनराव प्रेस शॉपला आणि मी टाइम ऑफिसात हजेरी-रजेचा कारकून. रिकामी चार माणसं आणि एक गंजकी गाडी एका जागी आली की किस्से साठवावे लागत नाहीत, साठतातच. एक खरवडायला घ्यावा तर खालून तीन निघतात.

गाडी म्हणजे गोल दिव्यांची, गिअरचा दांडा स्टिअरिंगला असलेली. मूळची पाथरकरांच्या सासऱ्यांची. ते चिंचवडला डॉक्टर होते, तिच्यातून पेशंट बघायला जायचे. लग्नानंतर गाडी संत तुकाराम नगरला पाथरकरांकडे आली. तिच्याबरोबर निर्मलावहिनीही आल्या.

•••

पत्र आल्यावर सोसायटीनंच एक भंगारवाला पाठवला. त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली, बॉनेटवर हात ठेवला आणि पेशंटच्या नातेवाइकांकडे बघावं तसं आमच्याकडे बघितलं.

मी नंतर सगळ्यांना सांगत होतो, "त्या दिवसापासून पाथरकर दोन दिवस जेवले नाहीत."

वहिनी मागेच उभ्या होत्या. म्हणाल्या, "जेवले, भाऊसाहेब. दोन्ही वेळा. मीच वाढलं."

पण रडले मात्र होते. त्याबद्दल वहिनी काही बोलल्या नाहीत.

•••

वरून बघाल तर गाडी चकचकीत. रंगखात्याच्या माणसाची गाडी! दर दसऱ्याला स्वतः घासणार, स्वतः लांबी, म्हणजे पुट्टी, भरणार, स्वतः फवारणार. "गंज? माझ्या गाडीला?" असं ते अशा सुरात म्हणाले की मीच ओशाळलो.

सावंत म्हणाले, "लोहचुंबक आण. पत्रा असेल तिथं चिकटेल, नुसतीच लांबी असेल तिथून पडेल."

लोहचुंबक कुणाकडेच नव्हतं. शेवटी वहिनींनी फ्रिजच्या दारावरचा गणपती काढून दिला. सावंतांनी तो टपावर ठेवला, चिकटला. दरवाज्याच्या वरच्या भागावर ठेवला, चिकटला. दरवाज्याच्या खाली ठेवला, घरंगळला. मडगार्डवर ठेवला, घरंगळला. मागच्या चाकाच्या वर तर ठेवायच्या आधीच निसटला!

बबनराव हात जोडून म्हणाले, "सायेब, देव न्हाई म्हणतोय."

वहिनी पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीत मेथी निवडत होत्या. तिथूनच म्हणाल्या, "आतली रबरी मॅट उचलून बघा आधी."

"मॅटखाली काय बघायचंय?" पाथरकर म्हणाले. "मी स्वतः चिकटवलीय ती!"

•••

दुसऱ्या दिवशी गाडी उजेडात घ्यायची ठरली. आम्ही तिघांनी मागून ढकलायचं आणि बबनरावांनी स्टिअरिंगवर बसायचं. पार्किंगला थोडा उतार आहे. गाडी सुटली ती सरळ सेक्रेटरीच्या नव्या मोटारीच्या दिशेनं!

"ब्रेक! ब्रेक!" आम्ही ओरडलो.

बबनरावांनी पाय दाबला. करकर आवाज झाला, धूळ उडाली आणि गाडी थांबली. नव्या मोटारीत आणि आमच्यात वीतभर अंतर. आम्ही धावत पुढे गेलो. बबनराव शांत बसलेले. ब्रेकला हात, म्हणजे पाय, लागलाच नव्हता. टाच मॅटसकट गाडीचा तळ फोडून थेट खालच्या फरशीवर टेकली होती. चप्पल अजून पायात होती.

"थांबली का न्हाई?" ते म्हणाले.

वर गॅलरीत वहिनी पुन्हा मेथी निवडत होत्या. मेथी निवडण्याचा आवाज येत नाही, पण त्या दिवशी आला.

•••

यानंतर सावंतांनी घरून लाल कागद आणला, त्यावर "रिजेक्ट" लिहिलं आणि दोऱ्यानं गाडीच्या आरशाला बांधला. पस्तीस वर्षांची सवय. पाथरकरांनी तो काढला. सावंतांनी पुन्हा बांधला.

"पत्राच पातळ होता, प्रेस शॉपची चूक," पाथरकर म्हणाले.

"ही गाडी आपल्या कंपनीची न्हाई, सायेब," बबनराव म्हणाले.

"मग कुठल्या तरी प्रेस शॉपची असेल ना?"

"आमी फक्त पत्रा दाबतो. झाकायचं काम तुमचं. अन् झाकलं की तुमी! लई झाकलं!"

पाथरकर तिसऱ्यांदा कागद काढायला गेले. आरसाच हातात आला.

•••

युनूसभाईंचं पत्र्याच्या कामाचं दुकान सांगवीला आहे. त्यांना घरी बोलावलं, कारण गाडी नेण्याची हिंमत कुणात नव्हती. त्यांनी खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला आणि त्याच्या मुठीनं गाडी पुढून मागंपर्यंत ठोकत गेले. टण, टण, थप, थप, थप, टण, थप.

"क्या बोलते?" पाथरकरांनी विचारलं. मोठ्या डॉक्टरसमोर माणूस हिंदीत बोलतो.

युनूसभाई मराठीत म्हणाले, "साहेब, जिथं टण वाजतंय तिथं गाडी आहे. जिथं थप वाजतंय तिथं तुम्ही आहात."

त्यांनी दाराखालच्या पट्टीवरची लांबी खरवडली. बोटभर जाड थर निघाला. त्याच्याखाली गाडीचा पत्रा नव्हताच. गोडेतेलाच्या डब्याचा पत्रा कापून रिव्हेट मारून बसवलेला होता आणि त्यावर लाल अक्षरांत स्वच्छ वाचता येत होतं : "शुद्ध. झाकण उघडल्यावर कोरड्या जागी ठेवावे."

सावंतांनी ते मोठ्यानं वाचून दाखवलं.

"भाचीच्या लग्नाची घाई होती," पाथरकर शेवटी म्हणाले. "तात्पुरतं केलं होतं."

"भाचीची मुलगी कॉलेजात जाते आता," गॅलरीतून माहिती आली.

•••

एक दार उघडताना आतून खळखळ आवाज आला. सावंतांनी कान लावला. ते मूळचे मालवणकडचे, त्यांना पाणी ओळखू येतं.

"पाथरकर, ह्यात मासे सोडलेस की काय?"

झालं होतं असं : दाराच्या खालच्या कडेला पावसाचं पाणी निघून जायला बारीक भोकं असतात. ती दिसायला बरी दिसत नाहीत, म्हणून पाथरकरांनी दर दसऱ्याला एकेक करून लांबी भरून बुजवली होती. आणि वर रोज सकाळी बादलीभर पाण्यानं गाडी धुवायची! इतक्या प्रेमानं कुणी गाडी बुडवली नसेल.

युनूसभाईंनी स्क्रू ड्रायव्हरनं एक भोक मोकळं केलं. तांबडं पाणी निघालं, ते किती वेळ निघतच राहिलं. पाथरकर चवड्यावर बसून बघत होते. हळूच म्हणाले, "एवढी वर्षं मी हिची काळजीच घेत होतो हो."

"काळजीच घेतली," युनूसभाई म्हणाले. "विचारलं नाही कधी."

•••

वेल्डिंगचा मुहूर्त केला. बबनरावांनी नारळ आणला आणि ट्रकवाल्यांच्या पद्धतीनं बंपरवर आपटला. नारळ शाबूत राहिला, बंपरचा डावा कोपरा खाली आला!

युनूसभाईंनी कोपरा उचलून बाजूला ठेवला आणि म्हणाले, "तोही बदलायचाच होता. नारळ इकडे द्या, दगडावर फोडतो."

•••

पुढचे दोन महिने काम चाललं. सीट काढल्या, सडलेला तळ कापला, जाड पत्रा घातला, दाराखालच्या पट्ट्या नव्या केल्या, इंजिन आणि ब्रेकही चालते करून घेतले. गोडेतेलाच्या डब्याचा तुकडा सावंतांनी पुरावा म्हणून जपून ठेवला. सगळं झालं आणि पाथरकरांनी आनंदानं गाडी धुतली. संध्याकाळी बघतात तो नव्या तळावर पुन्हा पाण्याचं थारोळं!

सावंतांनी कंपनीतली रीत काढली. चुकीमागचं मूळ कारण सापडेपर्यंत लागोपाठ पाच वेळा "का" विचारायचं. कागद घेऊन बसले.

"तळ का सडला?"

"पाणी साठलं म्हणून."

"पाणी का साठलं?"

"मॅटनं धरून ठेवलं म्हणून."

"पाणी आत का आलं?"

"पुढच्या काचेच्या कडेनं येत असणार."

"काचेच्या कडेनं का आलं?"

"रबर वाळलंय म्हणून."

"रबर का वाळलं?"

पाथरकर काच पुसू लागले. गॅलरीतून उत्तर आलं, "कारण प्रत्येक पावसाळ्यात माझ्या डाव्या गुडघ्यावर पाणी पडतं आणि प्रत्येक पावसाळ्यात हे म्हणतात, रबर पुढच्या महिन्यात बदलू!"

सावंतांनी कागदावर ते शब्दशः लिहून घेतलं. आयुष्यात एवढं नेमकं मूळ कारण त्यांना पहिल्यांदाच मिळालं होतं. रबर दुसऱ्या दिवशी बदललं. थेंब यायचा थांबला.

•••

आता राहिला अर्ज. तो माझा प्रांत. वेल्डिंग सुरू झालं त्याच दिवशी मी फाइल केली, अनुक्रमणिका केली, पानांना नंबर घातले, टॅग लावला. मुदत संपायला महिना होता. सकाळी सगळे पाथरकरांच्या हॉलमध्ये जमलो. पाथरकरांनी पेन उघडलं आणि सवयीनं आतल्या खोलीकडे बघून हाक मारली, "निर्मला, सही करून जा गं!"

मी म्हटलं, "सही मालकाची लागते."

"तिचीच लागते. दर वेळी तीच करते. मी बोट ठेवतो तिथं."

मी नोंदणीपुस्तक उघडलं. मालकाच्या रकान्यात वहिनींचं नाव होतं. डॉक्टरांनी गाडी मुलीच्या नावावर करून दिली होती. "अर्जदाराची सही नाही" असा शेरा मारून मी उभ्या आयुष्यात किती अर्ज परत पाठवले याची गणती नाही, आणि दोन महिने ज्या फाइलला टॅग लावून मिरवत होतो तिच्या पहिल्या ओळीत मालक चुकलेला!

वहिनी हात पुसत आल्या. पाथरकरांनी बोट ठेवलं. वहिनींनी ते बोट बाजूला केलं आणि चष्मा लावला.

"या वेळी वाचून करते."

चारही पानं वाचली. कुणी चहा प्यायलं नाही.

"वाहन चालवण्यास योग्य आहे, असं मी लिहून द्यायचंय?"

"हो," मी म्हटलं.

"मग चालवून बघायला पाहिजे."

पाथरकर हसले. मग हसायचे थांबले. "तू? तुला जमेल?"

"विसाव्या वर्षी याच गाडीवर शिकले. वडिलांना रात्री-अपरात्री पेशंटकडे मीच न्यायचे. लग्नाच्या दिवशी तुम्ही म्हणालात, रस्ता खराब आहे, आज मी चालवतो." त्यांनी कपाटातून पर्स काढली आणि तिच्यातून लायसन्स. मुदतीतलं. "दर वेळी वेळेवर रिन्यू केलंय. ओळखपत्र म्हणून उपयोगी पडतं."

रस्ता पुढे चौपदरी झाला, त्यावर उड्डाणपूल झाला, मेट्रोही आली. पाथरकरांच्या मनात तो खराबच राहिला होता.

वहिनींनी हात पुढे केला. पाथरकरांनी चावी दिली.

खाली आलो. पाथरकर सवयीनं उजव्या दाराशी गेले. वहिनी तिथं आधीच बसल्या होत्या. सीट पुढे घेतली, आतला आरसा खाली केला, गिअरचा दांडा न बघता पहिल्यात टाकला. पाथरकर वळसा घालून डाव्या दाराशी आले, तोवर गाडी गेटबाहेर पडली होती.

तासाभरानं परत आल्या. सांगवीच्या पुलापर्यंत जाऊन आल्या म्हणाल्या. मागच्या सीटवर कोथिंबीर होती.

"कशी वाटली?" पाथरकरांनी विचारलं.

"तिसऱ्या गिअरला थोडा आवाज आहे. एका दिवसात कळायचं नाही. उद्या पुन्हा बघते."

दुसऱ्या दिवशी क्लचची तपासणी झाली, तिसऱ्या दिवशी हॉर्नची. चौथ्या दिवशी पाथरकरांनी, मीही येऊ का, असं विचारलं. त्या क्षणी वहिनींनी काय उत्तर दिलं ते आम्हाला ऐकू आलं नाही, पण तेव्हापासून रोज संध्याकाळी पाच वाजता ते डावीकडे बसलेले दिसतात. सावंतांनी फेऱ्यांचा तक्ता केला आहे.

मुदत संपायला नऊ दिवस आहेत. फाइल पूर्ण आहे. तपासणी चालू आहे. अर्ज मालकाच्या सहीसाठी प्रलंबित आहे.