कहाणीकाकूंचे चार रविवार

कहाणीकाकूंच्या घरी गोष्ट ऐकल्याशिवाय जेवण मिळत नसे. सत्यनारायणाला आधी कथा, मग प्रसाद, तसंच. अमेरिकेत स्टेट कॉलेज नावाच्या गावात पीएचडी करायला आलेलो आम्ही दोघे, मी नागपूरचा आणि माझा रूममेट आदित्य पुण्याचा, दर रविवारी दुपारी बस पकडून त्यांच्या अपार्टमेंटवर जायचो. कुकरच्या शिट्ट्या व्हायच्या, फोडणीचा वास नाकात शिरायचा, आणि काकू सोफ्यावर मांडी ठोकून सांगत असायच्या, "आटपाट नगर होतं. तिथे एक कोळशाची खाण होती."

कहाण्या श्रावणातल्या नव्हेत बरं का. लायब्ररीतून जुन्या अमेरिकन कादंबऱ्या आणायच्या, त्याही ठरावीक जातीच्या: खाणकामगार, दुसऱ्याच्या जमिनीवर राबणारी कुळं, गिरणीतल्या पोरी, खानावळ चालवणाऱ्या विधवा. डिपेंडंट व्हिसावर काकूंना नोकरी करता येत नव्हती, ड्राइव्ह करायची भीती वाटायची, आणि मुलगी सई शाळेत गेली की घर खायला उठायचं. डिक्शनरी घेऊन त्या रोज वीस पानं वाचायच्या. पुस्तकाला किराणा दुकानाच्या खाकी पिशवीचं कव्हर घालायच्या, शाळा सुरू होताना वह्यांना घालतात तसं. लायब्ररीतली बाई त्यांच्यावर फार खूश होती म्हणे.

लेखक कितीही मोठा असो, काकू त्याची भीडभाड ठेवत नसत. "ह्याने दोन पानं नुसतं आभाळ लिहिलंय, आणि घरात मीठ होतं की नाही त्याचा पत्ता नाही!" प्रत्येक गरिबाबद्दल त्यांचा पहिला प्रश्न, त्या दिवशी जेवले काय? एकदा कुठल्याशा कादंबरीतलं कुटुंब महिनाभर मक्याची भाकरी आणि उकडलेला राजमा खाऊन राहिलं, तर त्या रविवारी आम्हालाही तेच. फोडणीसुद्धा नाही! आठवडाभर फ्रोझन पिझ्झा गिळून पुरणपोळीच्या आशेने आलेला माणूस मी, जाम वैतागलो.

"एक दिवस खाऊन बघ," काकू म्हणाल्या, "मग कळेल ती बाई पोरावर का खेकसली ते."

दहा वर्षांची सई "मॉम, धिस इज सो सॅड" म्हणत दूध-सीरिअलचा वाडगा घेऊन बसली. काका गालातल्या गालात हसले. काका बोलायचे फार कमी. युनिव्हर्सिटीच्या एका लॅबमध्ये ते सायंटिस्ट होते, नेमके माझ्याच विषयातले.

त्या सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी नवी कहाणी सुरू झाली. आटपाट नगर होतं. तिथे एक मोठा मळा होता, मळ्यावर यंत्रं सांभाळणारा एक हुशार कारागीर होता. एक दिवस मालक म्हणाला, पैसा आटला, उद्यापासून येऊ नका. पुढच्या रविवारी कळलं की कारागीर परमुलखातला, त्यामुळे दोन महिन्यांत दुसरा मालक शोधायचा, नाहीतर मुलूख सोडायचा. तिसऱ्या रविवारी त्याची लेक आली, तिथेच जन्मलेली. तिला दुसरं गावच ठाऊक नव्हतं.

हे कुटुंब कुणाचं ते तुम्ही ओळखलं असेल. आम्ही ओळखलं नाही. दोन महिने! नोकरी गेली की व्हिसावरच्या माणसाला किती मुदत मिळते, हे आमच्यातल्या प्रत्येकाला पाढ्यासारखं पाठ होतं. तरीही आम्ही आपले स्वयंपाकघराकडे डोळे लावून बसलेले. मी तर अक्कल पाजळली, "काकू, हा लेखक काही खास नाही यार. फार ओढूनताणून लिहितो."

"हो ना," काकू म्हणाल्या. "मलाही खरं वाटत नाही."

चौथ्या रविवारी गोष्ट पुढे सरकली. शेजारच्या मळ्यावर कारागिराच्या बायकोच्या ओळखीचा एक पोरगा काम करत होता. तिथे जागा आहे का, हे त्याला विचारावं असं तिच्या फार मनात होतं, पण नवऱ्याने शपथ घातली होती. काकू थांबल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुला काय वाटतं रे? तिने विचारावं?"

मला भूक लागली होती. मी म्हणालो, "पुढच्या प्रकरणात विचारेल की. वाढा ना काकू."

त्यांनी वाढलं. गरम वरणभात, वर तूप.

मला त्या कादंबरीचा शेवट वाचायचा होता. लायब्ररीत गोष्ट सांगून पाहिली, पण असं पुस्तक कुणाला सापडेना. म्हणून ऑक्टोबरच्या शेवटी, मधल्याच वारी, संध्याकाळी नाव विचारायला मी त्यांच्या घरी गेलो. दार सईने उघडलं. मागे हॉलभर खोकी.

"वी आर मूव्हिंग टू इंडिया," ती म्हणाली. "डॅडी लॉस्ट हिज जॉब. डिडन्ट मॉम टेल यू?"

काकू हात पुसत बाहेर आल्या. "सांगितलं की," त्या म्हणाल्या. "चार रविवार सांगत होते."

मी तिथल्याच एका खोक्यावर बसलो. काकूंनीच मला पाणी दिलं. काकांनी बजावलं होतं म्हणे, पोरांकडे तोंड उघडायचं नाही. ज्यांना जेवायला घालतो त्यांच्याकडे काम मागितलं, तर घातलेला घास वसूल केल्यासारखं होतं. काकूंनी शब्द पाळला होता, आणि पाळता पाळता जमेल तेवढं सांगितलंही होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझ्या प्रोफेसरांच्या दारात उभा राहिलो. कारण आमच्या लॅबला सायंटिस्ट हवाच होता. सप्टेंबरातच त्यांनी सगळ्यांना विचारलं होतं, ओळखीत कुणी आहे का? मी मान हलवून नाही म्हटलं होतं. काकांबद्दल सगळं ऐकून ते हळहळले. म्हणाले, मागच्याच शुक्रवारी एकाला शब्द दिला, आधी का नाही बोललास?

आता मी इथेच अमेरिकेत, मॉरिसव्हिलला नोकरी करतो. ती जुनी पुस्तकं मीही वाचायचा प्रयत्न केला, पण कुठल्याही पानावर कुणाचं काम सुटलं की काकूंचा आवाज सुरू होतो. दोन पानांच्या वर जाववत नाही. कुणी सहज बोलता बोलता "माझ्या एका मित्राचं असं झालंय" म्हटलं तरी मी हातातलं टाकून विचारतो, "मित्राचं की तुझं?" लोक हसतात. हसू देत.

काकू निघाल्या त्या दिवशी मी आणि आदित्यने सामान व्हॅनमध्ये चढवलं. काका आणि सई आत बसले. सई खिडकीकडे तोंड करून रडत होती, आणि काका तिच्याकडे न बघता तिच्या पाठीवरून हात फिरवत होते. काकूंनी मला चार पावलं बाजूला नेलं.

"एक विचारू? आता विचारलं तर चालतं. तुझ्या लॅबमध्ये जागा होती का रे?"

मी त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणालो, "नव्हती काकू."

त्यांनी मोठा श्वास सोडला. "बरं झालं. नाहीतर जन्मभर वाटलं असतं, शपथ मोडून सरळ विचारायला हवं होतं."

माझ्या गालावरून हात फिरवून त्या गाडीत बसल्या. पुण्याहून त्यांचा फोन येतो, सगळं बोलणं होतं, त्या जागेबद्दल मात्र नाही. त्यांच्या वाट्याची ती टोचणी मी माझ्याकडे ठेवून घेतली. त्यांच्यासाठी मी केलं ते एवढंच.