चिठ्ठीत निघालेलं घर

एम.ए.च्या शेवटच्या वर्षी मी मानसशास्त्राच्या प्रबंधासाठी विषय घेतला : माणसं अनोळखी माणसावर किती विश्वास ठेवतात? आठवडाभर सीताबर्डीत मेट्रोच्या जिन्याशी उभी राहिले. जो थांबेल त्याच्याकडून प्रश्नावली भरून घेतली. जवळजवळ सगळेच म्हणाले, ठेवतो विश्वास. मी हरखले आणि ‘नागपूरकर विश्वास ठेवणारे’ असं लिहूनही टाकलं.

मार्गदर्शक बाईंनी कागद चाळले. “जे थांबलेच नाहीत, त्यांचं काय?”

अनोळखी मुलीच्या हाकेला थांबणारा माणूस मुळातच विश्वास ठेवणारा असणार, हे मला सुचलंच नव्हतं.

मग इतवारीतल्या एका मोहल्ल्यातल्या सगळ्या घरांची यादी केली, प्रत्येकाला नंबर दिला आणि डब्यात हलवून चिठ्ठ्या काढल्या.

त्यातल्या एका घराचं दार दोनदा बंदच मिळालं. तिसऱ्यांदा लोखंडी जाळीमागे साठीच्या एक काकू आल्या.

“काय विकून राहिली वं?”

“काही नाही, काकू. अभ्यासासाठी थोडे प्रश्न विचारायचे आहेत.”

“मंग माह्याच घरी काहून?”

“चिठ्ठीत तुमचा नंबर निघाला.”

“बाजूच्या बाईले विचार ना. तिले बोलाले लई आवडते.”

“म्हणूनच तुम्हाला विचारायचंय. बोलणाऱ्यांनाच विचारत राहिले, तर न बोलणारे माझ्या वहीत येणारच नाहीत.”

त्यांनी मला नीट न्याहाळलं. “म्हणजे मी नाही बोलली, तर माह्यासारखे लोकं नागपुरात नाहीतच, असं लिहिशील?”

“आधी तसंच लिहिलं होतं.”

त्या हसल्या, पण जाळी उघडली नाही. उभ्या उभ्याच सगळी उत्तरं दिली. अनोळखी माणसाला घरात घ्याल? नाही. फोन वापरायला द्याल? नाही. शेवटी त्यांनीच विचारलं, “तू घरी एकटी असती, तर मले आत घेतलं असतं?”

मी खरंच विचार केला. “नाही, काकू.”

“मंग तुहं बी लिही.”

“माझा नंबर नाही निघाला.”

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, “मग नागपूरकर विश्वास ठेवतात की नाही?” मी म्हटलं, “सर, मी त्या मोहल्ल्यापुरतंच सांगू शकते.” त्यांनी मान डोलावली. चिठ्ठ्यांतल्या दोन घरांतून शेवटपर्यंत कुणीच बाहेर आलं नाही, हेही मी प्रबंधात लिहिलं होतं. त्यांची उत्तरं काय असती, हे कुतूहल अजून गेलेलं नाही.