तुटक रेघ

माझे मामा नकाशे काढायचे. नगररचना कार्यालयात उंच स्टुलावर बसून त्यांनी तीस वर्षं लोकांची घरं, गटारं आणि गल्ल्या शाईने आखल्या. शेवटी स्वतःच आखलेल्या वसाहतीत घर घेतलं. "आता तुमची गटारं तुम्हीच सोसा," असं मामी चिडवायची.

ही वसाहत जुन्या वीटभट्ट्यांच्या खड्ड्यात वसलेली. विटांसाठी माती उपसून उपसून जमीन इतकी खाली गेली, की मुख्य रस्त्यावरून आजही आधी छपरंच दिसतात. पूर्वेला ओढा, पश्चिमेला कारखान्याची भिंत आणि मधे सहा गल्ल्या. सहावी गल्ली कारखान्याच्या जागेतून पलीकडच्या रस्त्याला जोडायचं ठरलं होतं. न झालेला रस्ता नकाशात तुटक रेघेने दाखवतात. एका संध्याकाळी मामांनी घरी जायच्या घाईत ती रेघ सलग ओढली. पुढे कारखान्याने जागा दिली नाही. रेघ मात्र शहराच्या छापील नकाशात जशीच्या तशी गेली. वसाहतीत कोणाचंच काही अडलं नाही. आपल्या घरी नकाशा बघून कोण जातं? गल्लीच्या टोकाच्या त्या भिंतीला सगळे 'मामांचा हायवे' म्हणून हसायचे. मीही हसायचे.

मग एका दुपारी मामीच्या छातीत कळ आली. अँब्युलन्स बोलावली. थोड्याच वेळात भोंगा ऐकू आला, अगदी जवळून. "आली बघा गाडी. दार उघडा," मामी म्हणाली. मामांनी दार उघडलं, तर सहावी गल्ली रिकामी. भोंगा भिंतीपलीकडे वाजत होता. ड्रायव्हर नकाशा बघून जवळच्या वाटेने आला होता. वळसा घालून यायला त्याला वीस मिनिटं लागली. तेवढ्यात मामी गेली.

त्यानंतर मामा दुपारभर भिंतीकडे तोंड करून खुर्चीत बसायचे. "ऐकू येतोय का गं?" असं मला विचारायचे. मी चिडून म्हणायचे, "काही नाही मामा, चहा घ्या." खरं सांगते, मला त्या घरात बसायची भीती वाटायची. एकदा तो भोंगा मलाही ऐकू आला. हे मी त्यांना कधीच सांगितलं नाही.

मामांचा एकच हट्ट होता: नकाशातली रेघ खोडा आणि ती चुकली होती हे कागदावर लिहा. ज्या कार्यालयात जन्म काढला, तिथेच अकरा वर्षं अर्ज करत राहिले. उत्तर ठरलेलं, विचाराधीन.

मागच्या वर्षी कारखाना बंद पडला, भिंत पाडली आणि रस्ता झाला. उद्घाटनाला वसाहतीचे अध्यक्ष माईकवर म्हणाले, "मामांनी हा रस्ता चाळीस वर्षांपूर्वीच बघितला होता!" टाळ्यांचा कडकडाट झाला.

मामा काठी टेकत पुढे गेले. "ती रेघ चुकीची होती. माझी बायको तिच्यापायी गेली. हे कुठेतरी लिहून ठेवा."

अध्यक्षांनी माईक बाजूला केला आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "जाऊ द्या ना मामा. रेघ तर बरोबरच निघाली."

मामांनी काठीचं टोक त्या नव्या डांबरावर टेकवलं. मग मला म्हणाले, "आता चूक कबूल करायचीही सोय राहिली नाही गं."