तनूचा ‘डॉख’

पुण्याहून जबलपूरला निघाले ती भाचीला जर्मन बोलतं करायला. तनू नर्स आहे. शुक्रवारी जर्मनीतल्या एका रुग्णालयाची व्हिडिओवर मुलाखत होती आणि तिची नोकरी त्यावरच ठरणार होती. तीस वर्षं जर्मन शिकवलेली मावशी असताना पोरगी मागे पडावी, हे मला खपण्यासारखं नव्हतं.

स्टेशनवर तनू वाकून पाया पडली. “सफर में त्रास तो नहीं हुआ, मावशी?” हिचं मराठी बेताचंच, असं मी मनात ठरवूनही टाकलं.

चेरीताल भागातल्या त्यांच्या घरी पोहे आणि खोव्याची जलेबी (काळपट, मऊ, आपल्या जिलबीची थोरली बहीण) संपवून सराव सुरू केला. व्याकरण चोख निघालं. घोडं अडलं ते संस्कारांत. या घरात मोठ्यांचं बोलणं खोडत नाहीत. काहीही विचारा, उत्तर ‘जी’.

“तुम्ही अतिदक्षता विभागात काम केलेलं नाही ना?” मी जर्मनमध्ये विचारलं. दोन वर्षं केलेलं असूनही तिने होकारार्थी मान हलवली. मी ते भाऊजींना, तनूच्या वडिलांना, मराठीत सांगितलं.

“काहून खोटं बोलून राहिली, बेटा?” ते म्हणाले.

“मोठ्यांना गलत कसं म्हणू, बाबा?”

मग मी तिला ‘डॉख’ शिकवला. समोरचा ‘नाही ना?’ म्हणाला आणि खरं तसं नसलं, की जर्मन माणूस शांतपणे ‘डॉख’ म्हणतो. म्हणजे, आहे की! त्यात उद्धटपणा नसतो.

संध्याकाळी नर्मदेच्या तिलवारा घाटावर गेलो. पायरीवरून घसरले आणि माझी चप्पल पाण्यात गेली.

“अब नहीं मिलेगी, दीदी,” नावाडी म्हणाला.

तनू ‘जी’ म्हणता म्हणता थांबली. खालच्या पायरीशी अडकलेली चप्पल तिने काठीने ओढून काढली. “डॉख, भैया,” ती हळूच म्हणाली. तो हसला, “नर्मदे हर” म्हणून वल्ही मारू लागला.

शुक्रवारी मी दाराआड उभी होते. “वृद्धांची शुश्रूषा तुम्ही केलेली नसेल?” पडद्यावरच्या बाईंनी विचारलं. तनूची मान ‘जी’ म्हणायला हलू लागली.

“डॉख,” ती म्हणाली. अंथरुणाला खिळलेल्या आजोबांना, म्हणजे आबांना, तिने तीन वर्षं कसं सांभाळलं, ते न अडखळता सांगितलं. तिची निवड झाली. अभिमानाने मला रडू आलं.

परतताना स्टेशनवर मी भाऊजींना चिडवलं, “लेकीला जर्मन आलं, मराठी मात्र येत नाही.”

“येते की, मावशी,” तनू म्हणाली. “तीन साल आबांना रोज पोथी मीच वाचून दाखवत होती.”

तीस वर्षं मी ‘डॉख’ शिकवला. मला तो मराठीत ऐकवणारी तीच पहिली. पुण्यात ज्याला त्याला मी हेच सांगत सुटले आहे.