दस्त्यातली तेलाची बाटली

आमच्या शस्त्र कारखान्यात माझी सख्खी आत्या स्प्रिंग विभागात आहे. सगळा कारखाना तिला आत्या म्हणतो. मी एकटाच मॅडम म्हणतो, कारण पहिल्याच दिवशी तिनं बजावलं होतं, "इथे नातं काढलंस तर बघ." उंची पाच फुटांच्या आत, वजन सत्तेचाळीस किलो, आणि तोंडाचा पट्टा असा की समोरच्याला मान खाली घालण्यावाचून गत्यंतर नाही.

मी चाचणीच्या मैदानावर कारकून आहे. किती गोळ्या झाडल्या, किती लागल्या, हे लिहायचं. गेली दोन वर्षं जे लिहीत होतो ते वाचून कुणालाही रडू आलं असतं.

सैन्याला नवी मशीनगन हवी होती. एकट्या माणसाला उचलून पळता येईल इतकी हलकी, पण काडतूस मात्र मोठं. लहान काडतुसाची गोळी जवळ ठीक असते, लांब गेली की तिच्यात जीव राहत नाही. आता जड बंदूक स्वतःच बराचसा धक्का पचवते. हलकी केली की तोच धक्का माणसाच्या खांद्यावर येतो. आमच्या बंदुकीच्या पहिल्या तीन गोळ्या लक्ष्यावर लागायच्या आणि बाकीच्या ढगांत जायच्या.

हे आम्हाला उशिरा कळलं, कारण आमच्याकडे बंदूक झाडायचा तो पैलवान. एकशेपाच किलोचा गडी. तो अंग टाकून झोपला की तोफसुद्धा हलायची नाही. त्याला विचारलं की म्हणायचा, "काही नाही हो, गुदगुल्या होतात." मी इमानेइतबारे लिहायचो, धक्का सुसह्य. मग सैन्यातली चार पोरं आली, साध्या अंगाची. संध्याकाळी त्यांचे खांदे काळेनिळे झाले होते.

सैन्याच्या समितीनं शेवटचे पंधरा दिवस दिले. नाही जमलं तर मोठ्या काडतुसाची ही बंदूक रद्द, आणि तिच्याबरोबर स्प्रिंग विभागही बंद. निवृत्तीला दोन वर्षं उरलेल्या आत्याला गोदामात स्क्रू निवडायला बसवणार होते. तीस वर्षं स्प्रिंग वळलेल्या बाईला! तिनं ते ऐकलं त्या दिवशी जेवणाचा डबा उघडलाच नाही.

आमचे मोठे साहेब म्हणजे आराखडा विभागाचे प्रमुख. धक्क्याची तक्रार आली की त्यांचं एकच औषध, अजून कडक स्प्रिंग. ते तरी काय करणार, त्यांच्या आधीचे साहेबही तेच करायचे. आत्यानं कडक वळून दिली. धक्का वाढला.

मग एका दुपारी ती तडक मैदानावर आली. "हो बाजूला," पैलवानाला म्हणाली आणि स्वतःच बंदुकीमागे पालथी झोपली. दहा गोळ्यांत वीतभर मागे घसरली. मी धावलो तर खांदा चोळत उठून बसली होती, आणि चेहऱ्यावर चक्क हसू.

"दोन धक्के आहेत रे," ती म्हणाली. "एक गोळीचा. तो बसणारच. पण त्याच्यामागून कोणीतरी दार आपटतंय."

दार आपटत होता तो बोल्ट. गोळी सुटली की बंदुकीतला हा लोखंडी ठोकळा मागे पळतो, रिकामं काडतूस बाहेर फेकतो आणि येताना नवं घेऊन येतो. आमच्या आखूड बंदुकीत त्याला पळायला जागाच नव्हती. तो मागच्या भिंतीवर धाडकन आदळायचा. जागा लांब दिली आणि स्प्रिंग मऊ ठेवली, तर भिंत गाठायच्या आधीच तो दमून थांबेल, असं आत्याचं म्हणणं.

जागा होती. खांद्याला टेकतो त्या दस्त्यात छान पोकळी होती. तिच्यात तेलाची बाटली, ब्रश आणि फडकं राहायचं.

"तिथे सफाईचं सामान असतं," मोठे साहेब म्हणाले.

"का असतं?"

"नियम आहे. पहिल्यापासून."

"म्हणजे सैनिकानं मार खायचा आणि बाटलीनं आराम करायचा?"

साहेबांचे कान लाल झाले. पण दिवस उरले होते सहा, आणि त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतं. "करा काय ते," म्हणाले, "फसलं तर नाव तुमचं लागेल."

"लागू दे," आत्या म्हणाली. घरी मात्र तिनं भाजीत दोनदा मीठ घातलं. ते मी पाहिलं आणि पाहिलं नाही असं दाखवलं.

बाटली सैनिकाच्या पाठपिशवीत गेली. आत्यानं अकरा स्प्रिंगा वळल्या. काही इतक्या मऊ, की बोल्ट तरीही आपटायचा आणि परत येताना आळस करायचा. काही जरा जास्तच ताठ. बारावी बसली.

चाचणीला समितीचे तिघं आले. प्रमुख होत्या एक कर्नलबाई, सडपातळ आणि करड्या शिस्तीच्या. पैलवान पुढे सरसावला तसा आत्यानं त्याचा दंड धरून मागे ओढला. "आज मी." चष्मा पुसला, झोपली, आणि पन्नास गोळ्यांचा पट्टा एका दमात संपवला. नळी जागची हलली नाही. आत्याही नाही. शेहेचाळीस लक्ष्यावर! माझ्या अंगावर काटा आला.

कर्नलबाई मात्र शांतपणे म्हणाल्या, "काडतुसांत दारू कमी भरलीय."

मोठ्या साहेबांनी डोळे मिटले. आत्या ताडकन उठली. "तुमच्या गाडीत तुमची काडतुसं असतील ना? आणा. आणि माझ्या हातात देऊ नका, तुम्हीच झाडा."

सैन्याची मोहोरबंद पेटी आली. कर्नलबाईंनी स्वतः सील तोडलं, स्वतः पट्टा भरला आणि बाह्या सरसावून मातीत पालथ्या झोपल्या. शंभर गोळ्या. मी श्वास रोखून मोजत होतो. आवाज थांबला तरी त्या उठेनात. आत्याचा चेहरा पांढराफटक पडला.

बाईंनी मान वळवली. त्या हसत होत्या. "अजून एक पट्टा आणा."

पैलवानानं अशी शिट्टी मारली की पार स्प्रिंग विभागातून माणसं धावत आली. दुसरा पट्टा संपला. दोन्ही वेळा शंभरातल्या नव्वदच्या वर लागल्या होत्या. मोठे साहेब सगळ्यांदेखत आत्यासमोर येऊन हात जोडून उभे राहिले, आणि माझी आत्या चष्मा काढून पुन्हा पुन्हा पुसू लागली.

कर्नलबाईंनी मला अहवाल सांगायला सुरुवात केली. काडतूस मोठंच राहील. बंदूक मंजूर. स्प्रिंग विभाग चालू राहील, माणसं वाढवावीत. माझे डोळे भरून आले होते आणि अक्षरं एकमेकांवर चढत होती.

आत्या माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती.

"नीट लिही रे गाढवा," ती म्हणाली, "तुझ्या आत्याचं नाव येतंय त्यात."