काचेवरची बोटं

आमच्या गावच्या संग्रहालयात तलवारी आहेत, तोफेचे गोळे आहेत. पण माणसं रेंगाळतात ती जिन्याशेजारच्या एका जुन्या फोटोपुढे. टेकडीवरून काढलेला सगळ्या गावाचा फोटो. नुसती कौलं, आणि मधूनच देवळाचा कळस. काचेवर कायम बोटांचे ठसे. 'हात लावू नये' ही पाटी बिचारी शेजारीच लटकलेली.

परवा एक वयस्कर जोडपं तिथं उभं होतं. आजोबांनी काचेवर बोट टेकवलं.

"हे बघ आपलं घर."

"अहो, ते कासारांचं. आपलं त्याच्या मागे."

"मागचं दिसतंय कुठे?"

"न दिसायला काय झालं? तिथंच आहे ते," आजी म्हणाल्या, आणि कासारांच्या कौलांच्या जरा वर, जिथं काहीच दिसत नव्हतं तिथं, त्यांनी ठामपणे बोट ठेवलं.

मला फार बरं वाटलं. वाचनालयातून मी गावाच्या इतिहासाची जाडजूड पुस्तकं आणतो. त्यांत किल्लेदार असतात, लढाया असतात, आमच्यातलं एकही माणूस सापडत नाही. मी उगाच चिडायचो. असेल की तेही, त्या किल्लेदाराच्या मागे कुठेतरी भाकरी थापत.

ती दोघं गेल्यावर मी पुढे झालो. आमची आळी नदीपलीकडची, फोटोत आलेलीच नाही. म्हणून चौकटीच्या डावीकडे, भिंतीवरच, अंदाजानं बोट टेकवायला गेलो.

तिथला रंग आधीच बोटांनी काळवंडलेला होता.