शालीत अडकलेलं बोट

दुपारी शालवाला आला. दर थंडीत काश्मीरहून येतो. मोठ्या जाऊबाईंनी त्याला ओसरीवर बसवलं, शेजारणीही जमल्या. त्याने उलगडलेली शाल इतकी हलकी होती, की नुसत्या बोलण्याच्या वाऱ्यानेही हलत होती. मी सहज हात लावला आणि माझ्या बोटाच्या भेगेत तिचा धागा अडकला.

"अगं, हात आहे की किसणी?" जाऊबाई म्हणाल्या. शेजारणी हसल्या. मी हात ओढणार, तोच शालवाला म्हणाला, "खेचू नका, दीदी." माझ्या बोटाला न शिवता त्याने शालच हळूहळू वळवून धागा सोडवला.

मग तो सांगू लागला. तिकडे बकरीची आतली मऊ लोकर विंचरून काढतात, बायका ती घरी चरख्यावर काततात आणि त्या सुताची शाल मागावर विणतात. "माझी अम्मी कातते. हात खरखरीत झाला, की सूत तुटतं. म्हणून घरातली भांडी आम्ही भाऊ घासतो."

"काहीतरीच!" जाऊबाई म्हणाल्या. मी मात्र हात पदराखाली घेऊन त्या बाईचा विचार करत बसले. तिचे हात घरातली सगळी माणसं जपतात. माझे हात मीसुद्धा कधी नीट पाहिले नव्हते. शालीपेक्षा मला ते जपणंच हवंसं वाटलं, आणि तसं वाटल्याची फार लाज वाटली.

तो गेल्यावर मी तळव्यांना खोबरेल चोळलं आणि मोरीत भांड्यांना बसले. पहिलंच पातेलं हातातून निसटून दणकन वाजलं.

"काय पाडलंस गं?" आतून जाऊबाईंनी विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं आणि राखेने हातांचं तेल काढून टाकलं.